पथ्य सांगावे कसे, पाळावे कसे?



डॉक्टर सांगतात, "गोड कमी करा, खारट-तेलकट टाळा." आपण "होय साहेब" म्हणतो. गोळ्या वेळेवर घेतो, पथ्य मात्र दोन दिवसांत मोडते. हा दोष एकट्या पेशंटचा नाही, असे आम्हांस वाटते. "कमी" म्हणजे किती आणि सुरुवात कुठून, हे कळल्याखेरीज सवय सुटत नाही. त्यासाठी डॉक्टरांना पुष्कळ करता येईल.

१) आधी विचारावे, मग सांगावे. "काल सकाळपासून काय काय खाल्लं?" असे विचारून चहासुद्धा मोजावा. चमचाभर साखर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. दोन चमच्यांचे पाच कप झाले की नुसत्या चहातून ५० ग्रॅम साखर पोटात जाते! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार निरोगी माणसानेही दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ ग्रॅमच्या आत राहावे. गूळही यातच धरावा. "मधुमेहाला गूळ चालतो" ही समजूत चुकीची आहे.

२) एका खेपेस एकच बदल सांगावा. आधी चहातली साखर. ती जमली की लोणचे-पापड. कारण दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे लहान चमचाभराच्या आत हवे. मग ताटातला भात कमी करून मटकी-हुलग्याची उसळ आणि पालेभाजी वाढवावी. परवडेल, शिवारात मिळेल तेच सांगावे.

३) घरी स्वयंपाक जो करतो, त्यालाही समोर बसवून सांगावे. एकाच्या पथ्यासाठी वेगळी चूल कोणी मांडत नाही.

४) पुढच्या खेपेस पथ्याची चौकशी करावी, पण रागावू नये. पेशंट भिऊन खोटे बोलला, तर रक्तातली साखर का वाढली हे कळत नाही आणि गोळ्या मात्र वाढतात.

आपणही कालच्या खाण्याची खरी चिठ्ठी लिहून न्यावी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता उपास धरू नये. साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते.

साखर कारखान्याच्या पत्रकात "साखर बेतानं खा" वाचून कोणी हसेलही. उसावर आपला प्रपंच चालतो हे खरे; पण प्रपंच ओढणारा माणूस आधी धडधाकट राहायला हवा.