ज्याने सोसले, त्याला विचारा

फौजदारी न्यायालयाबाहेर लावलेली खटल्यांची यादी तुम्ही कधी वाचली आहे काय? खटल्याच्या नावात एका बाजूला ‘राज्य’ असते आणि दुसऱ्या बाजूला आरोपी. ज्याच्या अंगावर घाव पडला, त्याचे नाव तेथे नसते. गुन्हा हा साऱ्या समाजाविरुद्ध असतो, म्हणून खटला राज्य चालवते. ही कल्पना चांगलीच आहे. तिच्यामुळे दुबळ्याला एकट्याने बलवानाशी झगडावे लागत नाही. परंतु तिचा एक परिणाम असा, की ज्याने सोसले तो केवळ साक्षीदार उरतो. बोलावणे आले की यावे, विचारले तेवढेच सांगावे आणि घरी जावे.

भाषेनेही त्याला फारसा मान दिलेला नाही. आपण सहज म्हणतो, ‘तो गुन्ह्याचा बळी ठरला.’ बळी देतात तो मुका जीव. त्याला कोणी मत विचारत नाही. ‘पीडित’ हा शब्द त्याहून बरा, पण त्यातही पीडाच तेवढी दिसते, तिच्यातून उठून उभा राहिलेला माणूस दिसत नाही. या पाठात आपण अशाच उभ्या राहिलेल्या काही माणसांविषयी वाचणार आहोत.

२००५ साली दिल्लीत लक्ष्मी अगरवाल या शाळकरी वयाच्या मुलीवर भर बाजारात ॲसिड फेकण्यात आले. तिने लग्नाची मागणी नाकारली होती, एवढेच कारण. पुढे अनेक शस्त्रक्रिया झाल्या. आरोपींना शिक्षा व्हावी, एवढी मागणी तिने केली असती तरी कोणी तिला दोष दिला नसता. पण २००६ मध्ये तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात जी जनहित याचिका दाखल झाली, तिने दुकानाकडे बोट दाखवले. ज्या द्रवाने माणसाचा चेहरा आणि डोळे जातात, तो किराणा दुकानात काही रुपयांना मिळतो आणि घेणाऱ्याला कोणी नावही विचारत नाही, हे कसे?

येथे थोडे थांबा आणि आठवा. शौचालय साफ करण्यासाठी तुम्ही अशी बाटली विकत घेतली असेल. तेव्हा दुकानदाराने काही विचारले होते का?

निकालाला सात वर्षे लागली. मधल्या काळात, डिसेंबर २०१२ मधील दिल्लीतील अत्याचाराच्या घटनेनंतर, न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली. तिच्याकडे महिनाभरात ऐंशी हजारांवर सूचना आल्या. पुढे २०१३ च्या कायद्याने ॲसिड हल्ला हा स्वतंत्र गुन्हा ठरला. त्यासाठी किमान दहा वर्षांची शिक्षा ठेवण्यात आली आणि दंडाची रक्कम जखमी व्यक्तीला देण्याची तरतूद झाली. आता हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १२४ मध्ये आहे. त्याच वर्षी १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, ॲसिड विकणाऱ्याने नोंदवही ठेवावी, घेणाऱ्याचे छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहावे आणि अठरा वर्षांखालील कोणालाही ॲसिड विकू नये. जखमी व्यक्तीला किमान तीन लाख रुपये भरपाई द्यावी आणि त्यांपैकी एक लाख पंधरा दिवसांत द्यावेत, असेही न्यायालयाने सांगितले. पंधरा दिवसांची ही अट महत्त्वाची आहे. जळालेली त्वचा खटल्याच्या निकालाची वाट पाहत नाही.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. २०२३ मध्ये ॲसिड हल्ल्यातून वाचलेली एक स्त्री बँकेत खाते उघडण्यास गेली. ओळख पटवण्यासाठी तिला यंत्रासमोर डोळ्यांची उघडझाप करावयास सांगण्यात आले. हल्ल्यामुळे तिला ते शक्यच नव्हते. नियम करणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू नसावा; पापणी मिटू न शकणारे माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर आलेच नव्हते. तिने न्यायालयात दाद मागितली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यक्तींसाठी ओळख पटवण्याचे दुसरे मार्ग ठेवण्यास सांगितले आणि डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. नियम करतानाच अशा एखाद्या व्यक्तीला विचारले असते, तर हा खटला लढावाच लागला नसता.

कायद्यातही ‘साक्षीदार’ हळूहळू पुढे सरकला आहे. २००९ पासून आरोपी सुटल्यास पीडित व्यक्तीला स्वतः अपील करता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपास कोठवर आला, हे नव्वद दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. सरकारला खटला मागे घ्यावयाचा झाल्यास आधी पीडित व्यक्तीचे म्हणणे ऐकावे लागते. कोणतेही रुग्णालय, खाजगी असले तरी, ॲसिड हल्ल्यातील जखमीला विनामूल्य उपचार नाकारू शकत नाही. नाकारणे हा गुन्हा आहे.

तरीही कागदावरचा आदेश आणि दुकानातील फळी यांत अंतर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत एका शाळकरी मुलीवर हल्ला झाला. त्यातील ॲसिड ऑनलाइन मागवले होते, असे पोलिसांनी सांगितले. २०१३ च्या आदेशातील नोंदवही दुकानाच्या गल्ल्याजवळ ठेवायची होती. घरपोच येणाऱ्या खोक्याचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता.

तुमच्या ओळखीत कोणावर असा प्रसंग ओढवल्यास प्रथम जखमेवर भरपूर स्वच्छ पाणी सतत ओतत राहावे आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. आरोपी सापडला नसला तरी हा हक्क जात नाही. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

विचार करा व लिहा

१. ‘बळी’ आणि ‘पीडित’ या शब्दांविषयी लेखकाचे मत तुम्हांला पटते का? तुम्ही कोणता शब्द वापराल?

२. बँकेतील प्रसंगासारखा, कोणाला तरी न विचारता केलेला एखादा नियम तुमच्या परिसरात आहे का? त्याविषयी आठ-दहा ओळी लिहा.

३. आपल्या भागातील ॲसिडच्या विक्रीबाबत तहसीलदारांना किंवा पोलीस ठाण्याला पाठवण्याच्या अर्जाचा मसुदा तयार करा.