कोयत्यावर गेलेल्या पालकांचा वर्ग

चि. पमा,


शाळेला लोकवर्गणीतून मोठा टीव्ही मिळाला हे ऐकून बरं वाटलं. 'आता वर्ग डिजिटल कसा करू?' असं तू विचारलंस. पण तू रुजू झालीस बालाघाटातल्या गावात. दिवाळीच्या आगेमागे तिथलं अर्धं गाव ऊसतोडीला, कोयत्यावर निघतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. तेव्हा फडात राबणाऱ्या आईबापापर्यंत तुझा वर्ग कसा पोचवायचा, याचा विचार आधी कर.

टीव्हीचं चटकन सांगते. व्हिडिओ लावून वह्या तपासत बसायचं नाही. दोन मिनिटं दाखव, थांबव, 'पुढं काय होईल?' विचार. पोरं चुकीचं सांगतील, सांगू दे. मग पुढचं दाखव. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडमधलं जे लागेल ते 'दीक्षा'वर रेंज असेल तिथं आदल्या दिवशी उतरवून घे. वर्गात ते गोल फिरणारं चक्र बघण्यात तास जातो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी याच कोडमुळे गाजले, 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. कोडची खरी गंमत मला वाटते ती ही, की शाळा सुटल्यावरही पोराला कविता पुन्हा ऐकता येते. फक्त घरात फोन हवा. तुझ्या निम्म्या मुलांच्या घरचा फोन हंगामात कारखान्याच्या तळावर असणार, आणि पोर इकडं आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात.

म्हणून टोळ्या उचलायच्या आत एक वही घाल. प्रत्येक घरात फोन कुणाच्या खिशात असतो, आईला वाचता येतं का, रिचार्ज संपलं तर निरोप कुणाकडं द्यायचा, सगळं लिहून ठेव. मुकादमाचा नंबरही घे, पण अडीनडीपुरता. त्याच्याकडून उचल घेतलेली माणसं आधीच त्याच्या दबावाखाली असतात. पोराची तक्रार त्याच्या तोंडून त्यांच्या कानावर जाता कामा नये.

ग्रुपवर 'सर्व पालकांना सूचित करण्यात येते की' असलं काही टाकू नकोस. ते कुणी वाचत नाही. आपणही वाचत नाही. बोलून पाठव. 'सारिकाची आई, सारिकानं आज अख्खी गोष्ट न अडखळता वाचली, ऐका,' एवढं म्हण आणि फोन सारिकापुढं धर. अर्धं मिनिट पुरे. फोन लावून उपयोग नाही, कारण माणसं अंधारात फडात जातात आणि गाडी भरायला रात्री-अपरात्री उठतात. बोललेला निरोप मात्र त्यांना सवड होईपर्यंत थांबतो. एखादी आई मोळ्या टाकून कोपीवर आल्यावर ऐकेल, शेजारणीला ऐकवेल, आणि पहाटे तीनला उत्तर धाडेल. ते उत्तर परिपाठानंतर सारिकाला बाजूला घेऊन ऐकव, सगळ्या वर्गापुढं नको. आठवड्यातून एका मुलाला एकदा, एवढंच कर. रोज करायला जाशील तर पंधरवड्यात थकशील.

जी पोरं आईबापाबरोबर जातात त्यांना शिक्षण हमी कार्ड भरून देशीलच. पण कार्ड बोचक्यात चुरगळतं, भिजतं. त्याचा फोटो काढ. सोबत त्या पोराच्या वहीचं शेवटचं पान आणि तुझा एक निरोप: 'याला हातच्याची वजाबाकी येते, भागाकार सुरू केलाय.' तिन्ही आईच्या फोनवर टाक. कारखान्याजवळच्या शाळेतल्या बाईंना मग पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. नाहीतर एकच पोर दर वर्षी दोन शाळांत तेच अंक गिरवत बसतं.

गुण, गैरहजेरी, कुणाचं काय येत नाही हे ग्रुपवर कधीही नको. तो निरोप त्या एका घरालाच द्यायचा. आणि स्टेटसला पोरांचे चेहरे टाकायची हौस आवर. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलंय. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. वरून प्रत्येक उपक्रमाचे फोटो मागतील, ती आपल्या खात्याची जुनी खोड आहे. मातीचे बैल, रांगोळी, फळा यांचे फोटो दे, किंवा पोरं पाठमोरी असतील असे काढ.

शाळेसाठी वेगळं सिम घे. घरच्या नंबरावर हे सगळं चालू केलंस तर पहाटेची उत्तरं तुझ्या सासूबाईंना जागं करतील.

तुझी,
आत्या