शेगडीचा कोळसा

आता गॅस घरोघर आला. तरी शेगडी गेली नाही. भरताचं वांगं, पावसाळ्यातलं कणीस, सुका बोंबील, यांना निखाराच लागतो. कणसाची गाडी लावणाऱ्या मावशींचं तर पोटच कोळशावर चालतं. म्हणून कोळसा कसा पारखावा, ते आज पाहू.

कोळसा दोन जातींचा. एक दगडी कोळसा. तो खाणीतून निघतो. त्यात गंधक असते, जळताना उग्र वास सुटतो. त्यावर अन्न भाजू नये. दुसरा लोणारी कोळसा. तो लाकडाचा. आपल्याला हा हवा.

लोणारी कोळसा कसा करतात, ठाऊक आहे का? लाकडे रचतात. वर पाला घालतात, माती लिंपतात आणि पेटवतात. आत वारा अगदी थोडा जाऊ देतात. त्यामुळे लाकूड भडकत नाही, आतल्या आत भाजते. पाणी निघून जाते, धूर निघून जातो. काही दिवसांनी माती काढली की काळे तुकडे उरतात. अशा मातीच्या भट्टीत ५-६ किलो लाकडातून जेमतेम १ किलो कोळसा मिळतो. म्हणून तो महाग. आणि म्हणूनच विकणाऱ्याला कधी कधी लबाडी सुचते.

लबाडी पाण्याची असते. पोत्यावर पाणी मारले की वजन वाढते. हिशेब करून पहा. १० किलोच्या पोत्यात १ किलो पाणी आहे. कोळशाचा भाव समजा किलोला ५० रुपये. म्हणजे तुम्ही ५० रुपयांचे पाणी विकत घेतले! शिवाय ते पाणी आटवायला आणखी कोळसा जळतो, तो वेगळाच. ओला कोळसा हाताला गार आणि जड लागतो. शेगडीत टाकला की तडतडतो, ठिणग्या उडवतो. लहान मुले जवळ बसलेली असतात, त्यांना जपा.

चांगला कोळसा ओळखायला डोळे, कान आणि हात पुरेत. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणखण वाजले तर पक्के भाजलेले. थपथप असा आवाज आला तर कच्चे किंवा ओले. मग एक तुकडा मोडा. आत काळा आणि चकचकीत दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर लाकूड अर्धेच भाजले आहे. तो धूर करणार आणि कणसाला कडवट वास लावणार. पोत्याच्या तळाशी हात घालायला लाजू नका. वर मोठे तुकडे आणि खाली भुगा, हे नेहमीचे आहे. भुग्याने शेगडीची जाळी बुजते, वारा लागत नाही.

लाकूड कोणते, तेही विचारा. बाभळीचा कोळसा जड. पेटायला वेळ लावतो, पण धग पुष्कळ वेळ धरतो. आंब्यासारख्या हलक्या लाकडाचा लवकर पेटतो, लवकर संपतो. दोन पापड भाजायचे तर तो पुरे. गाडीवर दिवसभर बसायचे तर बाभूळच घ्या. ती वेडी बाभूळ आपण तण म्हणून शिव्या देत तोडतो ना? तिचाही कोळसा उत्तम. कच्छात आणि तमिळनाडूत रामनाथपुरमकडे कितीतरी माणसे त्याच धंद्यावर जगतात. नारळाच्या करवंटीचा कोळसाही कडक आच देतो. मात्र रंग दिलेली जुनी फळकुटे जाळून केलेला कोळसा फुकट मिळाला तरी नको. कण्हेरीचे लाकूड तर शेगडीजवळही आणू नका. ते झाड विषारी आहे.

हल्ली दुकानात कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या मिळतात. अमेरिकेत १९२० नंतर हेन्री फोर्ड यांच्या मोटारींसाठी लाकूड कापताना जो भुसा आणि तुकडे उरत, त्यांच्या अशा वड्या करू लागले. त्या एकसारख्या जळतात, पण राख जास्त पडते.

पेटवायला नारळाची शेंडी नाहीतर गोवरीचा तुकडा घ्या. रॉकेल नको, वास अन्नात उतरतो, आणि जळत्या निखाऱ्यावर ते ओतले तर भडका अंगावर येतो. ज्वाळा असताना भाजू नका, वरून काळे आणि आत कच्चे राहते. निखाऱ्यावर पांढरी राख धरली की शेगडी तयार. तळहात एक वीत वर धरा. दोन-तीन मोजेपर्यंत हात काढावा लागला तर आच कडक, ती बोंबलाला चालते. पाच-सहा मोजता आले तर वांगे लावा, कणीस लावा.

आता एक गोष्ट सांगतो. ती माझ्याच घरची आहे.

१९८६ सालचा डिसेंबर. धाकटी बहीण बाळंतपणाला आली होती. बाजेखाली शेक द्यायला शेगडी हवी. कोळसा मी स्वतः वाजवून, मोडून निवडला. अस्सल बाभळीचा. जरासुद्धा धूर नाही. आई खूष झाली. बाळाला वारा लागू नये म्हणून तिने दार-खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. पहाटे बहीण कण्हू लागली. डोके फुटतंय म्हणाली, मग वांती झाली. बाळ मलूल पडले होते. कुणी म्हणाले नजर लागली, मीठ-मिरची उतरवा. शेजारचे कंपाउंडर आले. त्यांनी आधी दार सताड उघडले, दोघांना अंगणात आणवले, मग आम्हाला बोल लावले. दोघे वाचली.

काय झाले होते? निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा घेतो, आणि प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. कोळसा कितीही चांगला असो, हा वायू निघतोच. उलट कच्चा कोळसा धूर करतो, डोळे चुरचुरतात, माणूस उठून दार उघडतो. चांगला कोळसा गुपचूप जळतो. त्या रात्री माझी पारखच आम्हाला फसवून गेली.

तेव्हा शेगडी अंगणात, ओसरीवर, नाहीतर समोरासमोर दोन खिडक्या उघड्या असतील तिथे. निजायच्या खोलीत कधीच नको. थंडीतही नको, बाळंतिणीच्या खोलीतही नको. तिला ऊब द्यायची तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्या. शेगडीपाशी एकाहून अधिक जणांचे डोके दुखू लागले, मळमळले, झोप येऊ लागली, तर आधी बाहेर पडा, दुसऱ्याला बाहेर काढा, आणि १०८ वर फोन करून गाडी बोलवा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

काम झाल्यावर उरलेले निखारे पत्र्याच्या डब्यात घालून घट्ट झाकण लावा. डबाही रात्री बाहेरच ठेवा. वरून विझलेला तुकडा आत धुमसत असतो, त्यामुळे एक दिवस गेल्याशिवाय तो पोत्यात टाकू नका. साठलेल्या भुग्यात माती आणि शेण कालवून गोळे वळा, उन्हात वाळवा. आंघोळीच्या पाण्याला अंगणातल्या चुलीत ते छान चालतात.