दूरध्वनी तारेच्या चकऱ्या : निगा आणि सुटे भाग

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड हे गाव उद्ध्वस्त केले. नरखेड तालुक्यातील या गावात दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. अशा संकटात पहिली गरज निरोपाची असते. भ्रमणध्वनीचा मनोरा वीज व बॅटरीवर अवलंबून असतो. बिनतारी संच उपयुक्त खरा. परंतु एका वेळी एकानेच बोलावे लागते आणि त्याचीही बॅटरी उतरते. नदीकाठचे निरीक्षण ठाणे आणि पंचायत कार्यालय, किंवा मदत छावणी आणि दवाखाना, यांच्यामधील एक-दोन किलोमीटर अंतरासाठी लष्करी पद्धतीचा क्षेत्रीय दूरध्वनी आजही भरवशाचा ठरतो. दांडी फिरवली की समोरची घंटा वाजते. बोलण्यासाठी दोन साधे कोरडे घट पुरतात. मात्र ही सारी व्यवस्था तारेवर आणि तार चकरीवर अवलंबून असते.

नागपूरला हा विषय परका नाही. कामठीची छावणी १८२१ पासूनची आहे. आपत्तीनिवारणाचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था १९५७ मध्ये नागपुरातच स्थापन झाली व १९६८ मध्ये तिला राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय हे नाव मिळाले. पुढे ती राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत विलीन झाली. शाळा, गृहरक्षक पथके अथवा शासकीय भांडारे यांच्याकडे जेथे अशा चकऱ्या आहेत, तेथे त्या बहुधा जडवस्तुसंग्रह नोंदवहीत सुस्थितीत आणि प्रत्यक्षात गंजलेल्या असतात.

चकरीची रचना साधी आहे. दोन बाजूंच्या गोल तबकड्या, मधला नळा, आरपार जाणारा आस, आसाला आधार देणारे दोन बुश, फिरविण्याची दांडी, वेग आवरणारा ब्रेक आणि हे सर्व धरणारी चौकट. अनेक देशांच्या सैन्यांत प्रचलित असलेल्या जोडतारेत प्रत्येक वाहकात चार तंतू तांब्याचे व तीन पोलादाचे असतात. तांबे वीज वाहून नेते, पोलाद ताण सोसते. अशा एका मैल तारेचे वजन सुमारे २२ किलो भरते. हा भार घेऊन चकरी वेगाने फिरते, तेव्हा झिजलेला बुश किंवा वाकलेली तबकडी लगेच त्रास देऊ लागते.

तबकडी वाकली की तार तिच्या आणि चौकटीच्या फटीत शिरते व वेष्टन कापले जाते. दोष तारेचा समजून तार बदलली जाते आणि नवी तारही तशीच कापली जाते. तबकडी लाकडी मोगरीने सपाट ठोकून घ्यावी. लोखंडी हातोड्याने पत्रा पसरतो आणि कड पुन्हा वर येते. आसाला वंगण बेताचेच द्यावे. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा जादा वंगण पाघळून तारेवर उतरते. रबरी वेष्टनाचा तेलासारखा शत्रू नाही. ब्रेकच्या पट्ट्यास तर तेलाचा स्पर्शही होऊ नये.

खरी अडचण सुट्या भागांची आहे, आणि तिचे मूळ बहुतेकदा आट्यांत असते. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या सामानावर व्हिटवर्थ आटे, अमेरिकन सामानावर तेथील एकत्रित मानाचे आटे, तर आजच्या बाजारात मेट्रिक बोल्ट. पाव इंची बोल्टचा व्यास ६.३५ मिलिमीटर, त्या जागी ६ मिलिमीटरचा बोल्ट सैल बसतो आणि चालता चालता निसटतो. अर्ध्या इंचाचे प्रकरण अधिक फसवे आहे. व्हिटवर्थमध्ये एका इंचात १२ आटे, अमेरिकन जाड आट्यांत १३. व्यास एकच असल्याने नट पहिले दोन-तीन फेरे सुरळीत चढतो, मग अडतो. कारागीर पाना लांब करून जोर लावतो आणि आटे कायमचे बाद होतात. तारेची टोके अडकविण्याच्या ब्रिटिश स्क्रूंवर बी.ए. मानाचे आटे असतात. त्यांतील शून्य क्रमांकाचा व्यास ६ व पिच १ मिलिमीटर, म्हणजे मेट्रिक सहाइतकाच. परंतु आट्याचा कोन एकाचा साडेसत्तेचाळीस अंश, दुसऱ्याचा साठ. निकडीच्या वेळी जोडी जमते, तरी ती कायमची मानू नये. म्हणून भाग मागविण्यापूर्वी पिच गेज लावून आटे मोजावेत आणि ते मोजमाप नोंदवहीत लिहावे. ‘चकरीचा बोल्ट, नग चार’ अशा मागणीपत्राने कोणाचेच काम होत नाही.

बुश, दांडीची खिट्टी, आस हे भाग मूळचेच मिळावेत असा आग्रह अनाठायी आहे. गनमेटलचा बुश लेथवरील साधा कारागीर नमुना पाहून कातून देतो. इतवारीच्या बाजारातून कच्चा माल घेऊन हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यात, किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील कातकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून हे काम करून घेता येईल. नमुना म्हणून झिजलेला बुश देऊ नये. झीज मोजून मूळ माप आसावरून काढावे. पूर्वी जादा लष्करी सामानाची विक्री पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयामार्फत होत असे. ते कार्यालय ऑक्टोबर २०१७ अखेर बंद झाले; आता निर्लेखित सामान ई-लिलावाने विकले जाते. तेथे दोन मोडक्या चकऱ्या घेऊन एक धड करणे पुष्कळदा स्वस्त पडते.

तार तुटल्यास दोन्ही वाहकांचे जोड समोरासमोर येऊ देऊ नयेत. प्रत्येक टोकाचा एक वाहक वीतभर आखूड करून लांबाला आखूड जोडावा. सरळ गाठ मारून तांब्याचे तंतू तिच्यावर गुंडाळावेत आणि वर रबरी व चिकटपट्टी घट्ट लावावी. उन्हात आणि उंदरांच्या वाटेवर तार ठेवू नये. चकऱ्या फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवाव्यात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक चकरी प्रत्यक्ष सोडून पाहावी. गुंडाळताना तार ओल्या फडक्यातून ओढली म्हणजे चिखल निघतो आणि हाताला जखमी जागा लागते; तेथेच थांबून जोड दुरुस्त करावा. मात्र पूर्ण वाळल्याविना चकरी भांडारात नेऊ नये. आतले टोक तबकडीच्या छिद्रातून वीतभर बाहेर राहील, याकडे पहिला वेढा घेतानाच लक्ष द्यावे. ते आत दबले तर तार गुंडाळलेली असताना तपासता येत नाही, आणि दोष कळतो तो तार नदीकाठी पोचल्यावर.