रस्ता की अंगण?

रस्ता केवळ वाहनांसाठी असतो, ही समजूत नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहराच्या रहिवाशांनी बदलली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथील अरुंद गल्ल्यांत मोटारी भरधाव येऊ लागल्या. मुलांचे खेळणे धोक्याचे झाले. त्या काळी देशभर हीच चिंता होती. १९७१ या एका वर्षात तेथे रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती.

रहिवासी आणि नगररचनाकार यांनी मिळून डेल्फ्टच्या गल्ल्यांचे रूप पालटले. सरळ वाटेला वळणे दिली, मध्ये झाडे लावली, बाके ठेवली. पदपथ व रस्ता एका पातळीवर आणला. वाट नागमोडी झाली, की चालकाला वेग आवरावाच लागतो. अशा रस्त्याला डच भाषेत ‘वोनएर्फ’, म्हणजे ‘राहते अंगण’, म्हणतात. १९७६ मध्ये त्याला कायद्याची मान्यता मिळाली. मुलांना रस्ताभर खेळण्याची मुभा मिळाली. मोटारींवर मात्र पावलांच्या गतीने जाण्याचे बंधन आले.

गल्लीतील अडचण रहिवासी जाणतो, तर उपायाचे शास्त्र नगररचनाकार जाणतो. दोघांचा संवाद झाला, तरच रस्ता माणसांचा होतो.

स्वाध्याय
१. ‘राहते अंगण’ या नावाची सार्थकता स्पष्ट करा.
२. तुमच्या गल्लीतील वाहनांचा वेग कमी करण्यासाठी दोन उपाय सुचवा.