उष्ण कटिबंधातील मोठ्या देशाचा पाठ : साष्टी बेटावरून ब्राझीलकडे

इयत्ता दहावीच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात २०१८ पासून भारत व ब्राझील या दोन देशांचा तौलनिक अभ्यास नेमलेला आहे. त्याची पूर्वतयारी प्राथमिक शाळेतच व्हावयास हवी. अनेक वर्गांतून ब्राझील म्हणजे ॲमेझॉन नदी, कॉफी आणि राजधानी ब्राझीलिया एवढे पाठ करून घेतले जाते व परीक्षा झाल्यावर ते विसरले जाते. दूरचा देश शिकविताना जवळचा प्रदेश हाताशी घेणे हा जुना व खात्रीचा मार्ग होय. ठाणे व पालघर जिल्ह्यांतील शिक्षकांना असा प्रदेश सहज उपलब्ध आहे, तो म्हणजे साष्टी बेट. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही मुंबईची उपनगरे ज्या भूमीवर वसली आहेत, तीच ही साष्टी. सहासष्ट गावांचा समूह म्हणून ‘षट्षष्टी’ व त्यावरून साष्टी, असे या नावाचे मूळ सांगतात. (गोव्यातही साष्टी नावाचा तालुका आहे. दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.)

प्रथम फळ्यावर बेटाची आकृती काढावी. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस माहीमची खाडी. मध्यभागी दक्षिणोत्तर डोंगररांग असून तिचा माथा साडेचारशे मीटरांहून अधिक उंच आहे. ठाणे शहराचा जुना भाग व मीरा-भाईंदर हेही याच बेटावर येतात, हे पुष्कळ मोठ्यांनाही ठाऊक नसते. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा काळ्या पाषाणाच्या स्तंभांचा सुमारे ६० मीटर उंचीचा सुळका दख्खनच्या लाव्हाच्या काळातील, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

‘उष्ण कटिबंध’ ही संज्ञा नुसत्या व्याख्येने मुलांस कळत नाही. त्यासाठी एक मीटर लांबीची काठी पुरे. साष्टी सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून येथे सूर्य वर्षातून दोनदा अगदी माथ्यावर येतो : मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात. पहिल्या वेळी शाळेस सुटी असते व दुसऱ्या वेळी आभाळ भरलेले असते, ही अडचण खरी. परंतु जूनच्या मध्यास शाळा उघडते तेव्हा एखाद्या दिवशी ऊन पडल्यास घड्याळात १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास काठी उभी करावी. तिची सुमारे सात सेंटिमीटर सावली दक्षिणेकडे पडलेली दिसेल. वर्षातील बहुतेक दिवस माध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडते. ती फिरली, याचा अर्थ सूर्य आपल्या उत्तरेस गेला. कर्कवृत्ताच्या पलीकडे, दिल्लीस, हे कधीही घडत नाही. रिओ दि जानेरो हे शहर सुमारे २३ दक्षिण अक्षांशावर, मकरवृत्ताच्या किंचित आत आहे. तेथे याच्या उलट चित्र डिसेंबरात दिसते. एवढे मुलांनी स्वतः पाहिले की ब्राझीलमध्ये जून हा हिवाळा का, हे त्यांस सांगावे लागत नाही, ती आपणच सांगतात.

पर्जन्याविषयीही असेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटर. दोन ठिकाणांत अंतर ते किती! विहार व पवई तलावांच्या सांडव्यांतून निघणारी मिठी नदी त्या दिवशी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. तिच्या काठावर भराव घालून पात्र अरुंद केले गेले होते, ही गोष्ट नकाशावर दाखविल्यावाचून पाठ पुरा होत नाही.

बेटाच्या मध्यावरील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरांचे असून त्यात बिबटे राहतात, कान्हेरीची शंभरांहून अधिक लेणी आहेत आणि तुळशी तलावही आहे. विहार तलावाचे पाणी १८६० साली मुंबईस मिळू लागले. तुळशीचा तलाव १८७९ मधला. हे तलाव राहिले ते त्यांच्यावरच्या जंगलामुळे. नेमक्या याच सुमारास रिओ शहराच्या डोंगरांवर काय घडले ते पाहण्याजोगे आहे. तेथे कॉफीच्या मळ्यांसाठी रान तोडल्यामुळे झरे आटले व शहराचे पाणी तुटले, तेव्हा सम्राट दुसरा पेद्रू याच्या आज्ञेने १८६१ पासून तिजुका येथे पुन्हा वृक्ष लावण्यात आले. तेही आज राष्ट्रीय उद्यान आहे.

तथापि विहार-तुळशीचे पाणी आता मुंबईस अगदी अपुरे आहे. बहुतेक पाणी भातसा, तानसा, वैतरणा येथून, म्हणजे ठाणे, पालघर व नाशिक या जिल्ह्यांतून येते. शहापूर तालुक्यातील शिक्षकांस हे निराळे सांगावयास नको. धरण ज्या तालुक्यात, त्याच तालुक्यातील पाड्यांवर वैशाखात टँकरची वाट पाहिली जाते. हा विषय वर्गात टाळू नये. भूगोल आणि राज्यकारभार यांची गाठ येथेच पडते.

आता लोक. वेसावे व मढ येथील कोळी, आगरी, भंडारी, डोंगरातील पाड्यांवरचे वारली, आणि पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले ‘ईस्ट इंडियन’ हे येथील जुने रहिवासी. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगीजांस दिली. मराठ्यांनी साष्टी १७३७ मध्ये घेतली व १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले. ब्राझीलही पोर्तुगीजांचेच होते. १५०० साली काब्राल हा दर्यावर्दी हिंदुस्थानाकडे येत असता प्रथम त्या किनाऱ्यास लागला व मग कालिकतास पोहोचला. त्याच जलमार्गाने काजू व अननस, नावांसकट, आपल्याकडे आले. घमेले, चावी, बटाटा, पाव हे शब्द पोर्तुगीज भाषेतून आले आणि शिक्षकांस प्रिय असलेला ‘पगार’ हाही त्यांतलाच. उलट दिशेने आपली गीर व ओंगोल जातीची गुरे ब्राझीलमध्ये गेली व तेथील गोधनात मुख्य ठरली.

लोकवस्तीची घनता शिकविण्यास दोन आकडे पुरेत. मुंबई उपनगर जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे ४४६ चौरस किलोमीटर व २०११ ची लोकसंख्या ९३,५६,९६२. ब्राझीलच्या ॲमेझॉनास राज्याचे क्षेत्र पंधरा लाख चौरस किलोमीटरांहून अधिक आणि २०२२ च्या गणनेत लोक सुमारे ३९ लाख. भागाकार मुलांकडून करवून घ्यावा.

राज्यकारभाराच्या भागात थोडे थांबावे. ब्राझीलमध्ये २६ राज्ये व एक संघीय जिल्हा असून राष्ट्राध्यक्ष थेट जनतेकडून निवडला जातो. आपल्याकडे पंतप्रधान लोकसभेस जबाबदार असतो. ब्राझीलच्या १९८८ च्या संविधानाने नगरपालिकांस संघराज्याचे घटक मानले. आपल्या संविधानात पंचायती व नगरपालिका यांस स्वतंत्र स्थान मिळाले ते १९९२ च्या दुरुस्त्यांनी. उपनगरांचा इतिहास येथे उपयोगी पडतो. वांद्रे, कुर्ला, घाटकोपर-किरोळ यांच्या एके काळी वेगळ्या नगरपालिका होत्या. १९५० व १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढत दहिसर व मुलुंडपर्यंत गेली आणि सर्व कारभार एका महानगरपालिकेकडे आला. १९९० मध्ये अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यास जिल्हाधिकारी आहे, विधानसभेच्या २६ जागा आहेत, पण जिल्हा परिषद नाही.

याचा परिणाम वारली कुटुंबाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. तलासरीच्या पाड्यावरील वारली अनुसूचित क्षेत्रात राहतो. १९९६ च्या पेसा कायद्याने त्याच्या ग्रामसभेस जमीन व गौण वनोपज यांविषयी अधिकार आहेत. आरे वसाहतीतील पाड्यावरचा वारली त्याच भाषेत बोलतो, त्याच देवास नवस करतो, परंतु त्याचा पाडा ना अनुसूचित क्षेत्रात, ना ग्रामपंचायतीत. त्याला गाऱ्हाणे महापालिकेकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यावे लागते. २००६ चा वनहक्क कायदा मात्र दोघांसही लागू आहे. ब्राझीलच्या संविधानातही मूळ रहिवाशांचा परंपरागत भूमीवरील हक्क मान्य केलेला आहे आणि त्या भूमीची सीमा आखून देण्याचे काम संघ सरकारचे आहे.

पाठाच्या शेवटी मुलांकडून तीन रकान्यांचा तक्ता करवून घ्यावा : घरचे पाणी, शाळा व रस्ता यांची जबाबदारी आपल्या गावी कोणाकडे, मुलुंडच्या मुलाच्या बाबतीत कोणाकडे आणि रिओच्या मुलाच्या बाबतीत कोणाकडे. तिसरा रकाना शिक्षकांनी भरून द्यावा. पहिल्यासाठी मुलांस ग्रामपंचायत कार्यालयात जाऊन विचारू द्यावे, आणि पाणी कोठून येते हे विचारताना ते कोठे जाते हेही विचारावयास सांगावे.