न्यू हार्मनीचा प्रयोग

माझे-तुझे हा भेद नसलेले गाव वसवावे, ही कल्पना मनुष्यास फार प्राचीन काळापासून मोहवीत आली आहे. ग्रंथांत अशी गावे पुष्कळ सापडतात. परंतु विटा-लाकडांनी प्रत्यक्ष उभारलेली जी थोडी गावे इतिहासास ठाऊक आहेत, त्यांपैकी अमेरिकेतील न्यू हार्मनीची हकीकत आम्ही येथे विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत. इंडियाना राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, वाबाश नदीच्या काठी हे गाव आजही आहे. वस्ती मात्र हजाराच्या आत.

गाव वसविले ते जर्मनांनी. व्युर्टेंबर्ग प्रांतातील जॉर्ज राप नावाचा एक विणकर धर्मोपदेशक आपल्या अनुयायांसह अमेरिकेस गेला व १८१४ साली या रानात उतरला. हिवतापाने आरंभी अनेकजण दगावले. तरीही दहा वर्षांत या मंडळींनी शेते, गिरण्या, द्राक्षमळे व पक्की घरे उभी केली. मिळकत सर्वांची एक, विवाह वर्ज्य आणि रापचा शब्द अखेरचा, अशी तेथील शिस्त होती. पुढे त्यांनी पेनसिल्व्हेनियात परत जाण्याचे ठरविले आणि १८२५ च्या आरंभी सारे गावच्या गाव विकून टाकले.

घेणारा होता रॉबर्ट ओवेन. वेल्समध्ये १७७१ साली जन्मलेल्या या गृहस्थाने स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे सुताची गिरणी चालवून कीर्ती मिळविली होती. दहा वर्षांखालील मुलांस तो कामावर घेत नसे. त्यांच्यासाठी त्याने शाळा काढली होती. मनुष्याचा स्वभाव परिस्थितीने घडतो, तेव्हा परिस्थिती पालटा म्हणजे मनुष्य पालटेल, हे त्याचे मत. अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहात त्याची दोन व्याख्याने झाली. वर्तमानपत्रांतून बोलबाला झाला, आणि थोड्याच महिन्यांत आठशेहून अधिक माणसे गावात दाखल झाली.

अडचण येथेच सुरू झाली. येईल त्यास प्रवेश होता. कसबी कारागीर व शेतीचे जाणते थोडे, चर्चा करणारे फार. प्रत्येकाच्या श्रमाची नोंद वहीत करावयाची व त्या हिशेबाने दुकानातून जिन्नस द्यावयाचे, असा नियम होता. पण कोणाचे श्रम किती मोलाचे, हे ठरविणार कोण? स्त्रियांवर घरचा स्वयंपाक-धुणे होतेच, त्यात सार्वजनिक कामाची भर पडली. समतेच्या या गावाच्या पहिल्या नियमावलीने कृष्णवर्णीयांस सभासदत्व नाकारले होते, ही गोष्टही आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. आणि स्वतः ओवेन? गाव चालू करून तो जून १८२५ मध्ये निघून गेला, तो पुढील जानेवारीतच परतला. संसार मांडून घरधनी परगावी जावा, तशातला हा प्रकार.

फेब्रुवारी १८२६ मध्ये संपूर्ण समतेची नवी घटना करण्यात आली. पण त्याच वर्षी गावातून वेगळे गट फुटू लागले. एका गटाने आपल्या वसाहतीस ‘फैबा पेवेली’ असे विलक्षण नाव दिले. अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांबद्दल अक्षरे घालून गावांची नावे पाडण्याची युक्ती एका वास्तुशिल्पज्ञाने काढली होती, तिचा हा प्रसाद! १८२७ साली ओवेन गाव सोडून गेला, तेव्हा त्याच्या संपत्तीचा बहुतेक भाग खर्ची पडला होता.

येथे कथा संपली असती, पण जानेवारी १८२६ मध्ये ओहायो नदीवरून एक नाव तेथे आली होती. वाटेत बर्फात कित्येक दिवस अडकून पडलेल्या त्या नावेत विल्यम मॅक्ल्यूर हा भूगर्भशास्त्रज्ञ, कीटक व शिंपले यांचा अभ्यासक टॉमस से, चित्रकार-निसर्गशास्त्रज्ञ लेस्यूअर आणि शिक्षिका मारी फ्रेताजो अशी मंडळी होती. लोकांनी तिला विद्येची नाव म्हटले. मुलामुलींस पुस्तकांबरोबर हातचे काम शिकविणारी शाळा त्यांनी चालविली. प्रयोग मोडला, तरी त्यांच्यापैकी कित्येक तेथेच राहिले. से याचा अमेरिकेतील शिंपल्यांवरील ग्रंथ याच खेड्यात छापला जाऊ लागला.

ओवेनचे पुत्रही तेथेच नावारूपास आले. डेव्हिड डेल याने १८३९ साली आयोवा, विस्कॉन्सिन व इलिनॉय येथील शिशाच्या खाणींच्या प्रदेशाची पाहणी केली. पुढे अनेक वर्षे त्या भागातील भूगर्भसंशोधनाचे ठाणे हे गावच होते. रॉबर्ट डेल काँग्रेसवर निवडून गेला. वॉशिंग्टनची स्मिथ्सोनियन संस्था स्थापन करणाऱ्या १८४६ च्या कायद्यासाठी तो झटला, आणि इंडियानात विवाहित स्त्रियांस मालमत्तेचा हक्क मिळावा म्हणून झगडला. रिचर्ड हा पर्ड्यू विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला.

ओवेनच्या मतांचा दुसरा ओघ इंग्लंडात वाहिला. १८४४ साली रॉचडेल येथे सामान्य कामकऱ्यांनी सहकारी दुकान उघडले. त्यांत ओवेनचे अनुयायी होते. त्यांनी सर्व मिळकत एक केली नाही. भाग विकत घ्यावा, सभासदास एक मत असावे, व नफा खरेदीच्या प्रमाणात वाटावा, एवढेच ठरविले. आपल्याकडील सहकारी ग्राहक भांडारांचे मूळ याच दुकानात आहे.

मॅक्ल्यूरने १८३८ साली न्यू हार्मनीत कामकऱ्यांसाठी एक संस्था व ग्रंथालय काढले. १८४० साली तो मेक्सिकोत वारला. त्याच्या मृत्युपत्रातील पैशातून इंडियाना व इलिनॉय राज्यांत अशी सुमारे १६० छोटी ग्रंथालये निघाली. त्यांतील बहुतेक काळाच्या ओघात बंद पडली. न्यू हार्मनीतील मूळ ग्रंथालय मात्र अद्याप उघडे असून गावकरी तेथून पुस्तके घरी नेतात.